फोगाची हर्बेरियम नोंद: जुनं लेबल वाचण्यापासून नवी शीट लावण्यापर्यंत

फलोदी, बिकानेर, जैसलमेर, बाडमेर या पट्ट्यात वाळूच्या टेकड्यांवर पांढरट खोडाचं, हिरव्या काड्यांच्या जुडग्यांचं आणि बिनपानाचं वाटणारं एक झुडूप दिसतं. तोच फोग, शास्त्रीय नावानं कॅलिगोनम पॉलिगोनॉइडिस. उंट-शेळ्या तो खातात, माणसं त्याच्या कळ्या दह्यात घालून रायतं करतात आणि मुळांचा कोळसा चांगला होतो म्हणून तो मुळासकट उपटलाही जातो. ट्रॅक्टर आल्यावर टेकड्या नांगराखाली गेल्या, त्यात फोगाचे पट्टेच्या पट्टे नाहीसे झाले. कुठून गेले हे सांगायचं तर आधी कुठे होते ते ठाऊक हवं. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत ते असतंच. पण हातात धरून दाखवता येईल, पुन्हा पुन्हा तपासता येईल असा पुरावा हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कपाटात असतो.

मी पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं फोगाच्या शीट्सच्या, म्हणजे वाळवलेली फांदी आणि लेबल लावलेल्या कागदांच्या, नोंदी करते आहे. या कामाला येणाऱ्या मुलांचा पहिला समज असा, की लेबलवरचं वाचायचं आणि संगणकात भरायचं, संपलं. तसं केलं तर निम्मी माहिती वाया जाते आणि उरलेल्या निम्मीत आपण आपल्या पदरचं मिसळतो. म्हणून जे मी त्यांना टेबलापाशी बसवून सांगते ते इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. शीटवर जे लिहिलंय ते एका रकान्यात आणि त्यावरून तुम्ही जे ठरवलंत ते दुसऱ्या रकान्यात. हे दोन रकाने कधीही एक करायचे नाहीत. पुढचं सगळं या एका नियमातून येतं.

कपाटापाशी जाण्याआधी

भारतातल्या वाळवंटी वनस्पतींच्या शीट्स एका जागी नाहीत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं शुष्क प्रदेशाचं केंद्र १९७२ पासून जोधपूरला आहे, तिथल्या संग्रहाचं संक्षिप्त नाव बीएसजेओ. हावड्याचा केंद्रीय राष्ट्रीय संग्रह म्हणजे सीएएल. मराठी माणसाला जवळचा म्हणजे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर संग्रह, बीएलएटी. फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि प्राध्यापक हॅलबर्ग १९१७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोधपूर आणि जैसलमेर संस्थानांत हिंडले आणि त्यांची वाळवंटी वनस्पतींची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९१८ ते १९२१ या काळात हप्त्याहप्त्यानं छापून आली. थर वाळवंटातल्या वनस्पतींचा अभ्यास मुंबईत बसून सुरू करता येतो तो त्यामुळे. ही अक्षरी संक्षेपनावं जगभर ठरलेली आहेत. नोंदीत संस्थेचं लांबलचक नाव लिहिण्यापेक्षा तीच लिहा, म्हणजे दुसऱ्या देशातल्या माणसालाही शीट कुठे आहे ते कळतं.

आधी पत्र किंवा ईमेल पाठवून परवानगी घ्या. कोणत्या वनस्पतीच्या किती शीट्स बघायच्या आहेत आणि फोटो काढायचे आहेत का, ते स्पष्ट लिहा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या आभासी संग्रहात काही शीट्सची चित्रं घरबसल्या बघता येतात. ती आधी बघून घेतली तर प्रत्यक्ष भेटीत नेमकं काय तपासायचं याची यादी तयार होते.

टेबलावर फक्त पेन्सिल न्यायची. पेन नाही, पाण्याची बाटली नाही, डबा तर नाहीच. शीट दोन्ही हातांनी आडवी उचलायची, पुस्तकाचं पान उलटतो तशी उलटायची नाही. फोगाच्या बाबतीत तर हे फारच जपावं लागतं, कारण त्याच्या काड्या सांध्यापाशी सुटतात. जिवंत झाडावरही उन्हाळ्यात त्या गळून पडतात. वाळलेल्या नमुन्यात नुसत्या धक्क्यानं पेरं न् पेरं वेगळं होतं. जुन्या शीट्सना कीड लागू नये म्हणून पूर्वी मर्क्युरिक क्लोराईडच्या द्रावणात बुडवत असत. ते विष कागदावर आणि नमुन्यावर अजून असतं. हातमोजे घाला, डोळ्याला-तोंडाला हात लावू नका, उठलात की हात धुवा.

शीटवर कोण कोण बोलतं

भारतात शीटचा कागद साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद असतो. खालच्या उजव्या कोपऱ्यात मूळ लेबल. पण शीटवर लिहिणारा माणूस एकटा नसतो. गोळा करणाऱ्यानं लेबल लिहिलं, पुढे कुणी तज्ज्ञानं येऊन ओळख तपासली आणि छोटी चिठ्ठी चिकटवली, संग्रहानं शिक्का मारला, क्रमांक घातला, अलीकडे बारकोड लावला. प्रत्येकाची नोंद वेगळी ठेवायची.

तीन क्रमांकांत गल्लत होते ती अशी. संकलन क्रमांक हा गोळा करणाऱ्याच्या वहीतला, तो माणूस आणि तो दिवस यांच्याशी बांधलेला. अ‍ॅक्सेशन नंबर संग्रहानं दिलेला. बारकोड त्या एका कागदाचा. वाळवंटात एकाच झुडपाच्या चार फांद्या तोडून चार शीट्स केल्या आणि एक जोधपूरला ठेवून बाकीच्या हावडा, पुणे वगैरे ठिकाणी पाठवल्या, तर चारही शीट्सवर संकलन क्रमांक एकच असतो. अ‍ॅक्सेशन नंबर आणि बारकोड चार निरनिराळे. नकाशावर मात्र हा एकच ठिपका आहे, चार नव्हेत. म्हणून संकलकाचं नाव, संकलन क्रमांक आणि तारीख या तिन्हींवरून आधी जुळ्या शीट्स शोधून काढा. जुळ्या शीट्सचा एक मोठा फायदाही आहे: एका लेबलवर वाळवीनं खाल्लेला शब्द दुसऱ्यावर शाबूत सापडतो.

नमुन्याला चिकटवलेला कागदी पुडा असेल तर तो परवानगीनं उघडा. फोगाची फळं फांदीवर टिकत नाहीत, ती बहुतेक वेळा या पुड्यातच असतात. फांदी बघून 'फळ नाही' अशी नोंद केली आणि पुडा बघितलाच नाही, तर त्या शीटचं सगळ्यात मोलाचं अंग नोंदीबाहेर राहतं.

लेबल जसंच्या तसं

आता लेबल उतरवून घ्या. स्पेलिंग चुकलेलं असेल तर चुकलेलंच. मैल असतील तर मैल, फूट असतील तर फूट. संक्षेप सोडवू नका. वाचता येत नाही तिथे चौकटी कंसात 'अवाच्य' लिहा. अंदाजानं भरायचंच असेल तर ते दुसऱ्या रकान्यात, आणि पुढे प्रश्नचिन्ह. डार्विन कोअर नावाची जी जागतिक रकाना-पद्धत आहे, तिच्यातही मूळ मजकुराला आणि त्यावरून काढलेल्या अर्थाला स्वतंत्र रकाने आहेत. आपली साधी एक्सेल फाईल असली तरी तिचे मथळे त्या पद्धतीनुसार ठेवले की पुढे माहिती कुठेही जोडता येते.

तारखेपाशी जरा थांबा. जुन्या संकलकांची एक चांगली सवय होती, महिना रोमन आकड्यांत लिहायचा. दिवस कोणता आणि महिना कोणता याचा घोळच नाही. पण पुष्कळदा '३-४-५४' असं असतं. तीन एप्रिल की चार मार्च? फोगाच्या अभ्यासात हा महिन्याचा फरक फार मोठा, कारण मार्चमध्ये तो फुलात असतो आणि एप्रिलमध्ये फळं झडायला लागलेली असतात. अशा वेळी त्याच माणसाच्या आगेमागेच्या संकलन क्रमांकांच्या शीट्स बघा. आधीचा क्रमांक '२७-३-५४' असेल आणि नंतरचा '५-४-५४', तर आपला तीन एप्रिलचा, वाद मिटला. मिटला नाही तर वर्ष तेवढं भरा आणि महिना-दिवस रिकामे ठेवा. रिकामा रकाना नोंदीला कमीपणा आणत नाही.

आणि ५४ म्हणजे कोणतं? इथे छापील मथळा उपयोगी पडतो. 'जोधपूर स्टेट' किंवा 'मारवाड' असं लिहिलेलं असेल तर बहुधा १९४९ च्या आधीचं, कारण त्या वर्षी संस्थान राजस्थानात विलीन झालं. अंतर मैलांत असेल तर दशमान पद्धत रुळण्याआधीचं, म्हणजे साधारणपणे १९६० च्या अलीकडचं नव्हे. संकलक कोण हे कळलं तर त्याच्या हयातीवरूनच शतक ठरतं. हे सगळे आधार तुमच्या टिपणीत लिहून ठेवा: 'वर्ष १९५४ मानलं, कारण अमुक.' तुमच्यानंतर येणाऱ्याला पुन्हा तेवढीच खटपट पडू नये.

ठिकाण, म्हणजे खरं काम

फोगाच्या नोंदीत माझा सगळ्यात जास्त वेळ या एका ओळीवर जातो आणि तो जायलाच हवा. सराव म्हणून एक लेबल धरू: 'फलोदीच्या पश्चिमेला १२ मैल, वाळूची टेकडी.'

पहिला प्रश्न, फलोदी कोणत्या जिल्ह्यात? लेबल संस्थानी काळातलं असेल तर जोधपूर संस्थान, नंतरचं असेल तर जोधपूर जिल्हा, आणि २०२३ पासून फलोदी स्वतःच जिल्हा आहे. बालोतऱ्याचंही तेच, ते पूर्वी बाडमेरमध्ये मोडायचं. मूळ रकान्यात लेबलवरचं राहू द्या, आजचा जिल्हा दुसऱ्या रकान्यात. संगणकावर 'जोधपूर जिल्हा' असं शोधणाऱ्याला फलोदीचा जुना फोग सापडला नाही, तर दोष या एका रकान्याचा असतो.

दुसरा प्रश्न, १२ मैल कुठून मोजले? फलोदीच्या किल्ल्यापासून, बाजारापासून की रेल्वे स्टेशनापासून? सरळ रेषेत की उंटाच्या वाटेनं? संकलकाची प्रवासाची वही किंवा छापलेला वृत्तांत मिळाला तर उत्तर मिळतं. नाही मिळाला तर गावाचा मध्य धरा आणि तसं लिहा.

१२ मैल म्हणजे १९.३ किलोमीटर. तेवढं पश्चिमेला जाऊन ठिपका ठेवला की काम झालं असं वाटतं, तसं नाही. संकलक आठच दिशा वापरत असेल तर त्याची 'पश्चिम' दोन्ही बाजूंना साडेबावीस अंशांपर्यंत सरकू शकते. १९.३ किलोमीटरवर हा फरक साडेसात किलोमीटरच्या आसपास जातो. शिवाय '१२ मैल' हा अंदाज असेल तर मैल-अर्धा मैल इकडेतिकडे, आणि गावाचा स्वतःचा पसारा. हे सगळं मिळून मी अशा ठिपक्याभोवती दहा-एक किलोमीटरचं वर्तुळ आखते आणि त्या वर्तुळाची त्रिज्या अनिश्चितता म्हणून रकान्यात भरते. ठिपका आणि त्रिज्या एकत्र, कधीही नुसता ठिपका नाही. उपग्रहाच्या चित्रावर बरोबर त्या ठिपक्यावर मोहरीचं शेत दिसलं म्हणून 'फोग संपला' असं म्हणता येत नाही. दहा किलोमीटरच्या वर्तुळात कुठेही तो उभा असू शकतो. तेच सगळं वर्तुळ शेतांनी भरलेलं असेल, तर मात्र तो पुरावा वजनदार.

लेबलवर अक्षांश-रेखांश असतील तर आनंद होतो, पण तेही तपासा. २७ अंश ८ मिनिटं म्हणजे दशांशात २७.१३, कारण मिनिटाला साठानं भागायचं. घाईत कुणी २७.०८ लिहितं. फरक सुमारे सहा किलोमीटरचा. दुसरी नेहमीची उलटापालट म्हणजे अक्षांशाच्या जागी रेखांश: ७२ उत्तर, २७ पूर्व. नकाशावर फोग थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. ही चूक लगेच दिसते म्हणून बरी. सहा किलोमीटरची दिसत नाही, ती वर्षानुवर्षं राहते. आणि लेबलवर फक्त मिनिटांपर्यंत आकडा असेल तर तुम्ही सहा दशांश स्थळं लिहू नका. एक मिनिट म्हणजे अक्षांशात जवळजवळ १.८५ किलोमीटर, तेवढीच त्या माहितीची ताकद, त्याहून जास्त अचूकता आपण तिला देऊ शकत नाही.

गावांच्या नावांचा आणखी एक पेच आहे. मारवाडात वस्तीला ढाणी म्हणतात आणि एकाच नावाच्या ढाण्या अनेक तहसिलींत सापडतात. लेबलवर नुसतं ढाणीचं नाव असेल तर संकलकाचा त्या आठवड्यातला मार्ग मांडा: परवा पोकरण, काल अमुक, आज ही ढाणी. उंटावरून किंवा जीपमधून एका दिवसात जेवढं जाता येईल तेवढ्या अंतरात जी ढाणी बसते ती आपली. बसत नसेल तर ठिपका ठेवू नका. जिल्हा भरा आणि पुढे जा.

शीट बागेतली असेल तर ते ठळक नोंदवा. जोधपूरसारख्या ठिकाणी संशोधन संस्थांच्या आवारात फोग लावलेला असतो. लागवडीतल्या फोगाची शीट ओळखीसाठी उत्तम, पण रानातल्या प्रसाराच्या नकाशात ती घालायची नाही.

हा फोगच आहे का?

वाळवंटात हिरव्या काड्यांची बिनपानी झुडपं अनेक आहेत आणि वाळल्यावर सगळ्याच काड्या एकसारख्या दिसू लागतात. खींप म्हणजे लेप्टाडेनिया, त्याच्या काड्या सरळ, झाडूसारख्या उभ्या, आणि शेंगा लांब टोकदार, आत रेशमी केसांची बी. आणखी एक म्हणजे इफेड्रा. मारवाडीत त्यालाही फोग-खींप यांच्याच नावांना विशेषण जोडून हाक मारतात, म्हणून लेबलवरचं स्थानिक नाव हा ओळखीचा पुरावा मानू नका. नाव मात्र जरूर उतरवा, ते लोकांच्या ज्ञानाची नोंद म्हणून मोलाचं आहे.

भिंग घ्या आणि पेर बघा. फोगाच्या पेरावर पातळ, पापुद्र्यासारखं आवरण काडीला वेढून असतं. चुका, रेवंदचिनी यांच्या कुळाची ती खूण. पेरं फुगीर, काड्या पेरातून जुडग्यानं निघालेल्या, जुनी फांदी नागमोडी आणि राखी-पांढरी. पानं असलीच तर टाचणीच्या टोकाएवढी रुंद, काही मिलिमीटर लांब. फूल बारीक, पांढरट-गुलाबी, पाकळ्यांसारखी पाच दलं, मधे तांबूस परागकोशांचा झुपका. फळ मिळालं तर शंकाच उरत नाही: टणक बी आणि तिच्यावर ओळींनी उभे, फाटे फुटलेले राठ केस, सगळं मिळून तांबूस लोकरीचा गोळा वाटावा असं.

फळाचा आग्रह मी इतका धरते कारण कॅलिगोनम या प्रजातीत जातींचा निवाडा फळावर होतो. मध्य आशियात हिच्या पुष्कळ जाती आहेत. कुणाच्या फळाला पंख, कुणाला केस, कुणावर फुगा. अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेतली कोमोसम नावाची वनस्पती कुणी स्वतंत्र जात मानतं, कुणी आपल्या फोगाचीच उपजात. म्हणून जुन्या शीटवर एकापेक्षा जास्त नावांच्या चिठ्ठ्या दिसल्या तर सगळ्या चिठ्ठ्या क्रमानं उतरवा: नाव, ओळख देणारा, वर्ष. तुमचं मत वेगळं असेल तर स्वतःची चिठ्ठी लावण्याची विनंती करा. जुनं नाव खोडायचं नाही आणि जुनी चिठ्ठी झाकायची नाही. लिनियसनं १७५३ मध्ये हे नाव दिलं ते अरारात पर्वताकडच्या वनस्पतीवरून. तिथून थरपर्यंतच्या झुडपांना एकाच नावाखाली ठेवायचं की नाही, हा निवाडा उद्या कुणी करायला बसलं तर त्याला आधीच्या सगळ्यांची मतं लागतील.

फूल कधी, फळ कधी

प्रत्येक शीटसाठी कळी, फूल, कच्चं फळ, पिकलं फळ असे चार रकाने ठेवा आणि हो-नाही भरा. 'दिसत नाही' आणि 'तपासलं नाही' यांना वेगळी खूण हवी. अशा शीट्स जमल्या की फुलोऱ्याचं वेळापत्रक आपोआप मांडलं जातं: फोग साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो आणि त्यापाठोपाठ फळ धरतो, पण हिवाळ्यात पाऊस झाला की नाही, यावर ते पुढेमागे होतं.

इथेच संकलकांच्या सवयींचा विचार करावा लागतो. पावसाळ्यानंतर वाळवंट हिरवं असतं, हवा सोसवते, म्हणून मोहिमा पुष्कळदा सप्टेंबर ते नोव्हेंबरात निघतात. ब्लॅटर आणि हॅलबर्ग गेले तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरातच. त्या महिन्यांत फोगावर फूल-फळ मिळणं अवघड. तेव्हा 'जुन्या शीट्सवर फुलं कमी' यावरून झाडाबद्दल निष्कर्ष काढू नका. आधी शीट्स कोणत्या महिन्यांत गोळा झाल्या त्याची मोजणी करा. ठिकाणांचंही तसंच. शीट्सचे ठिपके रस्त्याच्या आणि रेल्वेच्या कडेनं दाट दिसतात, कारण माणसं तिथून गेली. मधल्या मोकळ्या जागेत फोग नव्हता असं ती जागा सांगत नाही. त्या जागेत दुसऱ्या वाळवंटी वनस्पतींच्या शीट्स भरपूर असतील आणि फोगाची एकही नसेल, तर मात्र विचार करावा. त्यासाठी खींप, बुई, सिणिया यांच्या नोंदीही शेजारी असाव्या लागतात.

स्वतःची शीट लावताना

जुन्या नोंदींवर पुरेसं काम केलं की आपल्या शीटवर काय असायला हवं ते आपसूक कळतं. महाराष्ट्रात फोग रानात नाही. इथे हात बसवायचा असेल तर सोलापूर-अहिल्यानगरकडच्या माळावरची नेपती घ्या. तीही काटक, जवळजवळ बिनपानी, आणि थरमध्ये तीच केर म्हणून भाजीत पडते. पद्धत सगळी तीच.

फोगासाठी मार्च संपता संपता जा, फूल आणि फळ एकाच फेरीत मिळण्याची शक्यता तेव्हा जास्त. खाजगी जमीन असेल तर मालकाला विचारा, अभयारण्य असेल तर वनखात्याची लेखी परवानगी घ्या. जैसलमेर-बाडमेरमधल्या मरू राष्ट्रीय उद्यानात तर त्याशिवाय काडीही तोडू नये. झुडूप एकटंच असेल तर फोटो आणि नोंद पुरे, फांदी घेऊ नका. मूळ कधीच उपटू नका. त्याच्या मुळांवर आधीच पुष्कळांचा डोळा आहे.

एक हातभर फांदी घ्या, जुनं पांढरट लाकूड आणि नवी हिरवी काडी दोन्ही दिसतील अशी. फळं लगेच पुड्यात घाला, पुड्यावर संकलन क्रमांक. फांदी झटकून वाळू काढा; राहिलेली वाळू प्रेसमध्ये (नमुना दाबून वाळवायच्या चौकटीत) कागद फाडते आणि काड्यांवर चरे पाडते. टीपकागदात किंवा रद्दी वर्तमानपत्रात दाबा. वाळवंटी हवेत फोग लवकर वाळतो, पण जाड फांदीपाशी कागद उचललेला राहतो आणि बारीक काड्या वाकड्यातिकड्या सुकतात. तिथे कागदाच्या घड्या किंवा फोमचा तुकडा भरून पातळी सारखी करा. प्रेस जास्त आवळू नका, सांधे सुटतात.

शीटवर लावताना नुसत्या गोंदावर भिस्त ठेवू नका. जाड फांदीला सुई-दोऱ्यानं तीन-चार ठिकाणी टाके घाला, बारीक काड्यांवर कागदी पट्ट्या. सुटलेली पेरं फेकू नका, पुड्यात टाका. मुंबई-पुण्याला आणलेली शीट पावसाळ्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा, किडीची अंडी मरतात. विषारी द्रावणाची आता गरज नाही.

लेबलवर मात्र हात सैल सोडा. वाळलेल्या फांदीतून जे कधीच कळणार नाही ते सगळं तिथे हवं. झुडूप किती उंच आणि किती पसरट? टेकडीच्या माथ्यावर की उतारावर, आणि वारा कोणत्या बाजूचा? वाळू हलती की धरून बसलेली? मुळं उघडी पडलीत का? फुलांचा रंग ताजा असताना कसा होता? आजूबाजूला काय: सेवण गवत, खींप, बुई? चरल्याच्या, तोडल्याच्या खुणा आहेत का? नजरेच्या टप्प्यात आणखी किती फोग? हा शेवटचा आकडा जुन्या लेबलांवर जवळजवळ कधीच नसतो आणि आज मला तोच सगळ्यात जास्त हवा असतो. कुणी स्थानिक माणसानं नाव किंवा उपयोग सांगितला असेल तर त्याच्या संमतीनं तेही लिहा, त्याच्या शब्दांत.

अक्षांश-रेखांश जीपीएसवरून घ्या, सोबत जीपीएसनं दाखवलेली अचूकता आणि वापरलेला डेटम (अक्षांश-रेखांश ज्या संदर्भ-चौकटीवर मोजले ती) लिहा. तरीही ठिकाण शब्दांत लिहायचं टाळू नका. आकड्यातला एक अंक चुकला तर शब्दांवरूनच तो पकडता येतो. तारीख पूर्ण लिहा, वर्ष चार आकडी. लेबल टिकाऊ कागदावर, न उडणाऱ्या शाईत.

झुडूप मोठं असेल आणि फांद्या भरपूर असतील तर एकाच क्रमांकाच्या दोन-तीन शीट्स करा. एक जोधपूरच्या केंद्राला द्या, एक तुमच्या जवळच्या मोठ्या संग्रहाला. तुमच्या महाविद्यालयाच्या कपाटात एकच ठेवलीत आणि उद्या विभाग बंद झाला किंवा कपाटात पाणी शिरलं, तर नोंद गेलीच. देताना सोबत वहीतल्या त्या पानाचा फोटो आणि झुडपाचे दोन फोटो जोडा: एक जवळून, पेर दिसेल असा, आणि एक लांबून, टेकडीसकट. फाईलच्या नावात तोच संकलन क्रमांक घाला, म्हणजे फोटो शीटपासून कधी सुटणार नाहीत.